दोन वर्षं पुरे होती



आमच्या शिवाजी पेठेत खेळ म्हणजे फुटबॉल, नाहीतर तालमीतली कुस्ती. सायकल ही शाळेत जायला आणि दूध आणायला! मी स्वतः जन्मभर सायकलवरून शाळेत गेलो, पण सायकलची शर्यत नीट बसून पाहिली ती एकदाच, १३ ऑक्टोबर २०१० ला. मी नुकताच निवृत्त झालो होतो. नवरात्र चालू होतं, सौ. अंबाबाईच्या दर्शनाला गेली होती. टीव्ही लावला, तर दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली पुरुषांची 'टाइम ट्रायल' चालू. नोएडाचा रुंद द्रुतगती मार्ग, अंतर ४० किलोमीटर.

यात सगळे एकदम सुटत नाहीत. ठरावीक वेळाने एकेकाला सोडतात. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायचा नाही. कमी वेळ लागेल तो जिंकला. अगदी परीक्षेसारखं... शेजारी कुणीही असो, पेपर आपला आपणच सोडवायचा.

स्कॉटलंडचा डेव्हिड मिलर ४७ मिनिटं १८ सेकंदांत पोचला. म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वर! इंग्लंडचा अ‍ॅलेक्स डाउसेट दुसरा, ऑस्ट्रेलियाचा ल्यूक डर्ब्रिज तिसरा. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात भाचा आला. म्हणाला, "मामा, टाळ्या कुणाला वाजवताय? हा औषध घेऊन सायकल चालवायचा."

खरंच होतं ते. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ त्याने घेतलं होतं. २००४ साली फ्रेंच पोलिसांच्या चौकशीत त्याने कबूल केलं. २००३ चं जगज्जेतेपद गेलं, दोन वर्षं बंदी आली. २००६ साली तो परतला आणि पुढे उत्तेजकांविरुद्ध उघड बोलत राहिला. ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेचं दार मात्र अशांना जन्मभर बंद होतं. २०१२ साली क्रीडा लवादाने तो नियम रद्द ठरवला आणि मिलर लंडनला खेळला.

भाचा म्हणाला, पकडल्यावर सगळेच कबूल करतात. तेव्हा मी मान डोलावली. पण रात्री झोप लागेना. एक मुलगा आठवत राहिला.

नववीच्या वार्षिक परीक्षेत त्याच्या मोज्यात चिठ्ठी सापडली. विचारल्याबरोबर रडत कबूल झाला. त्या पेपरला शून्य दिलं, ते योग्यच होतं. पण वर्गात त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. दहावीत वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने नाव दिलं, मी खोडलं. "कॉपी करणाऱ्याचं नाव शाळेतर्फे जाणार नाही," असं सगळ्या वर्गासमोर म्हणालो. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. शून्याची शिक्षा नियमात होती. ही दुसरी मी माझ्या मनाने दिली, आणि तिला मुदतच ठेवली नाही.

आता तो पन्नाशीला आलाय. परवा रंकाळ्यावर भेटला, वाकून नमस्कार केला. "सर, बरं हाय न्हवं?" मी मुलाबाळांची चौकशी केली. जे बोलायचं होतं ते काही तोंडातून निघालं नाही.

तो हे वाचतो म्हणे. म्हणून इथेच लिहितो. बाळ, चूक तुझी एका पेपरापुरती होती. त्यापुढची माझी.