गोचीड फक्त गुरांचा नाही
आमच्या मेहकरकडं गुरांचे गोचीड हातानं ओढून नखावर चिरडायची जुनी सवय. मीही तेच करायचो. २०१६ला सिंधुदुर्गात दोडामार्गला गोचिडांमुळं पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली, तेव्हा भानावर आलो. गोचिडापासून होणारे तापही एकच नाहीत. चिरडलेल्या गोचिडातले जंतू हाताच्या जखमेतून अंगात जाऊ शकतात.

माणसाला चिकटला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणानं धुवा. रॉकेल, बिडीचा चटका नकोच. गोठ्यातून आलं की काखा, जांघा, कानामागं बघा.

पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, गोचिडाचं आधी सांगा. आणि ग्रामसभेत एवढं मांडाच: गोठ्यात गोचीडनाशक फवारणी कधी?