वल्द आणि साकिन

चांदूर रेल्वे,
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. बापू यास,


आपल्या घराण्याचा मूळ पुरुष कोण आणि त्याची पोरंबाळं कुठं कुठं पांगली, असं तू विचारलंस. घरातल्या म्हाताऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: घोड्यावरून आले, पाचशे एकर वावर होतं, सावकारानं बुडवलं. वऱ्हाडातल्या अर्ध्याअधिक घरांचा पूर्वज असा घोड्यावरूनच आलेला असतो. कागदात घोडा काही सापडत नाही. सापडतो तो सारा, गहाणखत, धुऱ्याचं भांडण आणि मरण. एकोणिसाव्या शतकात साध्या रयतेचं नाव लिहून ठेवायची गरज सरकारला पडे ती वसुलीसाठी, नाहीतर साथीच्या धास्तीनं. तेव्हा पूर्वजाचा मोठेपणा शोधत बसू नये; त्याचं देणं कुठं लिहिलंय ते आधी पाहावं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पहिली खानेसुमारी झाली १८६७च्या नोव्हेंबरात, आणि मुंबईहून निघालेली आगगाडी चांदुरावरून नागपूरला पोचली तीही त्याच वर्षी. मोजणी खात्याची साखळी वावरावावरांतून फिरली ती याच सुमारास. सर्व्हे नंबर पडला, त्याच्यापुढं खातेदाराचं नाव आलं, आकार आला. शेतकऱ्याच्या घरातला पहिला कागद बहुधा इथला. त्याच्या मागं जायचं तर देशमुख-देशपांड्यांची परगण्याची दफ्तरं, आणि ती मोडीत.

नावाची रीत अशी: अमुक वल्द तमुक, साकिन अमका गाव. वल्द म्हणजे कोणाचा मुलगा, साकिन म्हणजे राहणारा कुठला. आडनाव असलं तर असलं. खरी गोची पुढं आहे. नातवाला मेलेल्या आजोबाचं नाव द्यायची आपली चाल. त्यामुळं एका पिढीत रामजी वल्द लक्ष्मण, पुढच्या पिढीत लक्ष्मण वल्द रामजी, आणि तिसऱ्या पिढीत पुन्हा रामजी वल्द लक्ष्मण. साल न बघता वंशावळ काढली की आजा आणि नातू एकाच खुर्चीत बसतात. त्यात सुनांना सासऱ्याचं नाव घ्यायची चोरी, म्हणून पोराला घरात हाक वेगळीच. घरचा ‘बाप्या’ कागदात लक्ष्मण असतो आणि ते सांगणारं माणूस आता उरलेलं नसतं.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. खबर आणायचा कोतवाल, लिहायचा पाटील नाहीतर पटवारी. तहसिलीच्या अभिलेख कक्षात ही वही हातात आली की आधी कापडी दोर सोडायचा. पानं कडेनं बिस्किटासारखी तुटतात. जन्माच्या नोंदीत तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते, मुलगा की मुलगी ते असतं. बाळाचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधीच खबर जायची. म्हणजे जो पणजोबा शोधायचा तो वहीत नुसता ‘मुलगा’ असतो. त्याच बापाला चार मुलगे झाले असतील, तर त्यातला आपला कोणता हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून ठरवावं लागतं. शाळेतली जन्मतारीखही मास्तरनं अंदाजानं घातलेली, ते वेगळंच.

मरणाच्या नोंदी जास्त चोख. पटकी, देवी, ताप, हगवण. १८९९-१९०० च्या दुष्काळाची पानं तर सलग भरलेली. १८९१ला वऱ्हाडची वस्ती २९ लाखांच्या आसपास होती, ती १९०१च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. एखाद्या घराची नोंद १९०० नंतर गावात दिसेनाशी झाली, की घर मेलं असंच धरू नये. कित्येक जण नुसते उठून गेले. १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, हा तसाच दुसरा खड्डा.

गावाच्या नावानंही माणूस फसतो. जुन्या कागदात नुसतं ‘चांदूर’ असेल तर आपलं चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? जिल्हा बघायचा. आपलं चांदूर उमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, चांदूर बाजार तेव्हा एलिचपूर जिल्ह्यात. १९०५ साली एलिचपूर जिल्हाच मोडला आणि दोन्ही चांदूर एका जिल्ह्यात आले. त्यानंतरच्या कागदात जिल्ह्यावरून काही कळत नाही, तालुका पाहावा लागतो.

गाडगेबाबांचंच उदाहरण घे. देबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव. बाप लहानपणीच गेला आणि पोर वाढलं आजोळी, दापुऱ्याला. शेंडगाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे तेव्हा एलिचपूर जिल्हा. दापुरा मूर्तिजापूर तालुक्यात, तो तेव्हा उमरावतीत. १ फेब्रुवारी १९०५ला देबूजींनी घर सोडलं. ऑगस्टात सरकारनं जिल्ह्यांची फेरमांडणी केली: दर्यापूर उमरावतीत आलं, मूर्तिजापूर अकोल्याला गेलं. एकाच माणसाची जन्माची नोंद आणि बालपणाचा ठावठिकाणा, दोन्हींचे जिल्हे त्याच्या पाठीमागं बदलले! शिवाय कागद शकाचा असला तर १८७६ उणे ७८ म्हणजे १७९८ असं सरळ करून चालत नाही. फेब्रुवारीत पाडवा आलेला नव्हता, तेव्हा शके १७९७. आणि उद्या कोणी ‘गाडगे’ हे आडनाव धरून वह्या चाळू लागला, तर त्याच्या हाती धुपाटणंच.

आडनावाचा दुसरा दाखला आपल्या जुन्या चांदूर तालुक्यातलाच. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८. घराणं मूळ कदमांचं. देशमुख झाले ते वतनावरून. म्हणजे त्यांचा खापरपणजोबा हवा असेल तर ‘देशमुख’ आणि ‘कदम’ दोन्हींखाली बघायला पाहिजे. १९२७ साली त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. विमलाबाई माहेरच्या वैद्य, मुंबईच्या. पुढं राज्यसभेत गेल्या म्हणून त्यांचं माहेर आपल्याला ठाऊक. त्याच पिढीतल्या बाकीच्या बायांचं काय?

इथं सरकारी कागद साफ हात वर करतो. जुन्या सातबाऱ्यावर बाई येते ती बहुधा नवरा मेल्यावर, ‘बेवा’ म्हणून. जात पडताळणीची वंशावळही वडिलांकडच्या रक्तनात्यावरच चालते. इतर मागासवर्गीयांना १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१च्या, अनुसूचित जातींना १९५०च्या. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा तहसिलींमधली कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, प्रवेश-निर्गम वह्या बाहेर निघाल्या, मोडी वाचणारे हुडकून आणावे लागले. फायदा आपल्यासारख्यांना झाला, कारण बऱ्याच पानांच्या प्रती आता जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर बघायला मिळतात. पण आत्या, मावश्या, लेकी तिथंही गैरहजर. अर्धं घराणं गाळून काढलेल्या झाडाला वंशवृक्ष म्हणायचं कसं, हा माझा जुना वाद आहे.

बायांसाठी तीर्थाची वाट धरावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या उपाध्यांकडं यजमानांच्या वह्या असतात, गाव आणि आडनावाप्रमाणं लावलेल्या. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्या लागतात तशा आईच्या बापाकडच्याही लागतात, त्यामुळं आईचं माहेर तिथं उजेडात येण्याची आशा असते. १८७०मध्ये मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेल्यावर चांदुराहून गाडीत बसून प्रयागला जाणं आवाक्यात आलं, म्हणून त्या सालानंतरच्या वह्या आधी बघाव्यात. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्म करून ठेवली आहे. मात्र ज्यांना तीर्थावर उभंच केलं जात नव्हतं, त्यांची नावं त्या वह्यांत नाहीत, हे विसरू नकोस. त्यांच्यासाठी पुन्हा कोतवाल बुकच.

आता तुझ्याकडचं काम. अकोल्याच्या आत्याला फोन कर आणि पणजीचं माहेर विचार. कोणी कुऱ्हा म्हणतं, कोणी तळेगाव दशासर. तिला गावाचं नाव आठवलं नाही तर गावदेव कोणता, जत्रा कधी भरायची, लेकीबाळी रेल्वेनं यायच्या की बंडीनं, हे विचार. त्यावरून गाव काढता येईल. पणजोबाच्या नावाची दाखल-खारीजची नक्कल तुझ्या बापाच्या लोखंडी पेटीत आहे. तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव, मागं पेन्सिलीनं सर्व्हे नंबर लिहिलेला आहे. पुढच्या आठवड्यात तहसिलीत जायचं आहे, त्याआधी मिळाला तर बरं.

तुझा,
मोठेबाबा