नकाशात नसलेली वेटोळी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. भाईंदर पूर्वेच्या आमच्या विहारातील अभ्यासिकेचे इंटरनेट एकाएकी बंद पडले. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला तीनच दिवस उरले होते. रस्ता तीन ठिकाणी खणलेला. फायबरची तार नेमकी कुठे तुटली, कोणालाच सांगता येईना.

तंत्रज्ञ मुलगा आला. त्याने तारेत एका टोकाकडून प्रकाश सोडला. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तुटल्या जागेवरून तो परततो, आणि लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. यंत्राने ६४० मीटर दाखवले. संगणकावरच्या नकाशात तेवढे मोजून खणले, तर तार धडधाकट!

तो मुलगा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा वस्तीतले एक काका पुढे आले. तार टाकताना चर त्यांनीच खणला होता. "अरे बाळा, पिंपळाजवळच्या चेंबरात दोन वेटोळी ठेवलीत आम्ही. मागं बघ." तीस मीटर मागे, गटारकामाच्या मातीखाली तुटकी तार सापडली.

यंत्र खोटे नव्हते. ते तारेची लांबी मोजते, रस्त्याची नाही. पुढे दुरुस्तीला कामी यावी म्हणून चेंबरात जादा तार गुंडाळून ठेवतात, तिची नोंद नकाशात नव्हती. जीआयएस म्हणतात तो हा नकाशा आम्हा कारकुनांच्या भाषेत खतावणीच: रेषेवर बोट ठेवले की तारेची खोली, जोड, वेटोळी यांचे पान उघडावे. पान कोरे, तर रेषा कितीही रेखीव असून काय कामाची?

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, म्हणजे खाली ज्यांच्या तारा-नळ आहेत त्यांना निरोप जातो. चांगलेच आहे. पण ज्याने चर खणला, त्याला विचारतो कोण? पूर्वी गावच्या हद्दीचा तंटा पडला की महाराची साक्ष काढीत, आणि हद्द दाखवणारा राही गावकुसाबाहेर!

अर्ज शेवटच्या दिवशी गेले. रविवारी वंदनेनंतर आम्ही वही घेऊन काकांसोबत फिरलो. अकरावीतल्या एका मुलीने प्रत्येक चेंबरचे अक्षांश-रेखांश फोनवर पाहून उतरवले. अकरा चेंबर निघाले. पिंपळाजवळची वेटोळी नकाशात चढली आहेत. उरलेल्या दहांचा कागद तंत्रज्ञाच्या साहेबांकडे आहे. आम्ही दर सोमवारी फोन करतो.