शेपटीखालची ओळ

गेल्या श्रावणात भोरजवळच्या गावी बंद घर उघडलं, तेव्हा माजघरात कणगीच्या मागे कात सापडली. शेजारचे तात्या दारातूनच म्हणाले, "धामणीची आसंल गं. उंदरामागं येती. दे टाकून." मी टाकली नाही. ओसरीवर उजेडात वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ती हळूहळू उलगडली.

कात कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, फुंकरीनंही हलते. साप तोंडाकडून बाहेर निघत जातो, त्यामुळे ती पायमोज्यासारखी उलटी होते. डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ चकत्या होत्या. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघून येतो. रंग मात्र जवळजवळ राहतच नाही. रंगावरून साप ओळखणाऱ्याला कात काही सांगत नाही. ती वाचायची खवल्यांवरून.

पाठीच्या मधोमध एक रांग होती, शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची. मग शेपटीची खालची बाजू पाहिली. धामण किंवा कवड्या असता, तर तिथे खवल्यांच्या जोड्या आणि मधून नागमोडी रेघ दिसली असती. इथे रेघ नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकेक सलग खवला.

"तात्या, धामण नाही. मण्यार आहे."

तात्या ओसरीवर येऊन बसले. पुढे काही बोलायची गरज नव्हती. त्यांना ती रात्र आठवते.

मी सहावीत होते. मे महिन्याच्या सुट्टीला आत्याचा मुलगा, आमचा दादा, आला होता. संध्याकाळी भिंतीकडेला काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला. "कवड्या आहे, पाली खातो, काही करत नाही," असं घरातल्याच कुणीतरी सांगितलं. साप फटीत गेला आणि आम्ही पोरं रोजच्यासारखी जमिनीवर ओळीनं झोपलो. पहाटे दादाच्या पोटात कळा यायला लागल्या. ओवा दिला, पोट शेकलं. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, घोट गिळेना. अंगभर शोधूनही खूण सापडली नाही, कुठे सूज नव्हती. मण्यारचे विषदंत इतके बारीक असतात की झोपलेल्या माणसाला अनेकदा कळतही नाही. विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, शेवटी श्वास. पुण्याला नेऊन प्रतिसर्पविष दिलं, चार दिवस यंत्रानं श्वास दिला. दादा वाचला.

चूक कुणाच्या वाईटपणाची नव्हती, ती ओळखीची होती. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं उलट. मानेमागे बरीच जागा कोरी, मग पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीनं, शेपटीकडे जास्त ठळक. पण पट्टे जवळपास नसलेला मण्यारही असतो. कंदिलाच्या उजेडात, भेदरलेल्या डोळ्यांनी हे दिसत नाही, म्हणून अंदाजानं कुणाला बिनविषारी ठरवू नये असं मी प्रत्येकाला सांगते.

त्यानंतर साप पाहणं हा माझा ध्यास झाला. जगात सापांच्या ४,००० च्या आसपास जाती आहेत, आणि पाय नसलेल्या एका लांबट शरीराची निसर्गानं किती रूपं केली आहेत, ते आपल्या सह्याद्रीतही दिसतं. फुरशाच्या कुशीवरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज काढतं. खापरखवल्याची शेपूट तिरकी तोडल्यासारखी, खरबरीत, मातीनं माखलेली. हरणटोळाच्या डोळ्यातली बाहुली आडवी. आणि पावसात मोरीतून निघणारा वाळा! वीतभरही नसतो, लोक गांडूळ समजून पाणी ओततात. नीट पाहिलं तर अंगावर गुळगुळीत खवले चमकतात, इवलीशी जीभ आतबाहेर होते. या जातीत नर सापडतच नाहीत. सगळ्या माद्या, आणि नराशिवायच त्यांना पिल्लं होतात. डुरक्या घोणस मात्र निव्वळ घोणशीसारखी दिसते म्हणून मारली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रेखीव ओळी असतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड.

त्या दिवशी तात्यांनी सर्पमित्राला बोलावलं. साप सापडला नाही. आम्ही भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, कणगी भिंतीपासून लांब सरकवली, लाकडं घराबाहेर रचली. ती कात मी वहीत जपून ठेवली आहे; गावातली पोरं आली की तिची शेपूट उलटून दाखवते.

गावी जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. पहाटे कुणाचं पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. जिथे प्रतिसर्पविष मिळतं, त्या दवाखान्यात तडक घेऊन जा.