बंडीच्या साट्यापासून चेसिसपर्यंत

चेसिस म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा. जंगलवाटेवर चालणाऱ्या गाड्यांत तो बहुधा शिडीच्या आकाराचा असतो: दोन लांब दांड्या आणि त्यांना जोडणारे चार-पाच आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंग, इंधनाची टाकी हे सगळे या शिडीच्या जिवावर. वरची बॉडी रबरी बुशांवर ठेवून बोल्टांनी आवळलेली. डांबरी रस्त्यावर या सांगाड्याला मुख्यतः ओझे पेलायचे असते. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या वाटेवर गोष्ट वेगळी होते. पुढचे डावे चाक नाल्यातल्या दगडावर चढते, मागचे उजवेही वर उचलले जाते, उरलेली दोन खड्ड्यात लोंबतात आणि शिडी पिळली जाते. अशा मुलखात चेसिस दमते ती या पिळाने.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत 1960च्या आसपास जन्मलेल्या माणसाने आपल्या हयातीत असे तीन सांगाडे वापरात पाहिले आहेत. (1982च्या ऑगस्टपर्यंत जिल्हाही एकच होता, चांदा म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली नंतर वेगळा झाला.) पहिला सांगाडा बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या झाडीपट्टीत धान घरी आणायचे ते बंडीतूनच. धावड्याचे लाकूड चिवट आणि लवचिक, म्हणून आखासाठी ते पसंतीचे. तिवसही याच कामातले. साट्याचे, म्हणजे बंडीच्या चौकटीचे, सांधे खाच आणि कुसू यांचे, पाचर ठोकून घट्ट केलेले. चाक बांधावरून उतरताना हे सांधे करकरत, थोडे हलत आणि पुन्हा जागेवर येत. सुताराला पिळाचे गणित येत नव्हते, पण कुठे घट्ट ठेवायचे आणि कुठे मोकळीक द्यायची हे तो जाणून होता. आजच्या वेल्डरकडे नेमकी हीच जाण कमी पडते, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरा सांगाडा जीपचा. दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेल्या विलिज जीपची जोडणी महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर जेमतेम 80 इंच असल्याने ती अरुंद वळणावर फिरे आणि नाल्याच्या काठावर पोट न टेकता चढे. सरकारी कामासाठी जंगलात जाणाऱ्याला ती मिळाली. सर्वसामान्यांच्या वाट्याला आली ती लांबवलेली भावंडे, म्हणजे काळी-पिवळी. एसटी न पोचणाऱ्या गावांचा बाजार, दवाखाना आणि लग्ने या जीपांनी सांभाळली. आत कोंबून, मागच्या पायरीवर उभे राहून, टपावर बसून माणसे गेली. मागच्या आसाच्याही पलीकडे लोंबणाऱ्या या भाराची किंमत दांडीने मोजली: पाट्याच्या हँगरपाशी तडा. मग गॅरेजात लोखंडी पट्टी चिकटवायची आणि वर काळा रंग मारायचा.

तिसरा सांगाडा ताडोबाने घरोघरी ओळखीचा केला. मारुतीची जिप्सी 1985च्या डिसेंबरात आली; वजन टनाच्या आसपास, चारही चाकांना ताकद, खाली पाटे आणि शिडीची चेसिस. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांवरून सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक घेऊन ती वर्षानुवर्षे धावली. हुड काढलेला, मागची आसने उंचावलेली. टप उघडा असला तरी गाडी लुळी पडत नाही, कारण भार पेलणारी रचना खालीच असते. छत हाच रचनेचा भाग असलेल्या मोटारींना हे जमत नाही.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन थांबले, जुन्या चेसिस गंजत गेल्या आणि नवी शिडी स्वतःच घडवण्याचा विचार गॅरेजांत बोलला जाऊ लागला. काम दिसते तितके अवघड नाही, पण वाटते तितके सोपेही नाही.

पहिला निर्णय पोलादाच्या आकाराचा. चॅनल, म्हणजे एका बाजूने उघडी दांडी, पिळाला सहज वश होते. चौकोनी बंद पाइप त्याच वजनात कित्येक पटींनी ताठ. 100 बाय 50 मिलिमीटरचा, 4 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला 9 किलोच्या आत बसतो; साडेतीन मीटरच्या दोन दांड्या साधारण 60 किलोच्या होतात. छोट्या गाडीला एवढे पुष्कळ. हौशी माणूस मात्र 6 मिलिमीटर जाडी मागतो आणि आपण मजबूत गाडी बांधली या समाधानात राहतो. प्रत्यक्षात चेसिस अती ताठ झाली की पीळ पाट्यांकडे, बुशांकडे आणि बॉडीच्या सांध्यांकडे ढकलला जातो, नुकसान फक्त जागा बदलते. पाइपाला आणखी एक खोड आहे. धानाच्या बांधीतला चिखल आत शिरला की तो बाहेर येत नाही, दांडी आतून सडते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. म्हणून सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोके ठेवतात आणि उघडी टोके बंद करतात.

मापे घेण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची. जुनी चेसिस सपाट फरशीवर चार घोड्यांवर समतल ठेवतात. पाट्यांची, इंजिनच्या माउंटिंगची, स्टिअरिंग बॉक्सची प्रत्येक भोक ओळंब्याने खाली उतरवतात आणि फरशीवर खडूने फुल्या मारतात. मग चेसिस बाजूला करून फुल्यांमधले कर्ण दोरीने मोजतात. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे; दोनेक मिलिमीटरचा फरक खपतो, त्याहून जास्त असेल तर गाडी तिरकी पळते आणि टायर एका बाजूने झिजतात. जुनी चेसिस अपघातात वाकलेली असेल, तर नवी तिच्यावरून आखताना तोच वाकडेपणा वारशाने येतो.

वेल्डिंग हा यातला सर्वांत नाजूक भाग. तापलेले पोलाद निवताना आकसते आणि दांडीला आपल्या बाजूला ओढते. म्हणून आधी सगळीकडे फक्त टाके मारायचे, कर्ण पुन्हा मोजायचे आणि मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे थोडे थोडे भरायचे. मजबुतीची पट्टी लावताना तिची टोके सरळ उभी कापू नयेत. तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापावीत, म्हणजे ताण एका रेषेवर साचत नाही. पाट्याचा हँगर दांडीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा जोडणे तर टाळलेच पाहिजे, कारण वाकताना सर्वाधिक ताण त्या कडांवरच येतो. तडा बहुधा वेल्डमध्ये जात नाही, त्याला लागून तापलेल्या पट्ट्यात जातो.

राहिला कायदा. चेसिस नंबर हीच गाडीची कायदेशीर ओळख. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतले तपशील कारखान्याच्या मूळ नमुन्याहून वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्यामुळे गॅरेजात घडवलेल्या शिडीवरची गाडी, जुनी एमएच 34 किंवा एमएच 33ची पाटी लावली म्हणून, रस्त्यावर अधिकृत ठरत नाही, आणि ताडोबाच्या गेटावर तर तिचा प्रश्नच येत नाही. ती चालवायची तर स्वतःच्या मालकीच्या शेतात, नाहीतर ट्रेलरवर लादून बंदिस्त स्पर्धेत न्यायची. गोव्यात 2014पासून पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही अशा गाड्यांची ओळखीची जागा.