शंभरापुढचं मूल

२०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यभरातल्या २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली निघाली. लातूर, नांदेड आणि धाराशिव मिळून हा विभाग होतो. त्याच वर्षी विभागाचा एकूण निकाल राज्याच्या ९४.१० टक्क्यांच्या खाली राहिला, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. शंभर टक्क्यांत सर्वोत्तम पाच विषयांचा हिशेब असतो, कला-क्रीडेचे वाढीव गुण असतात, हे ठाऊक असूनही मी त्या मुलांच्या कष्टाला कमी लेखणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या ११३ जणांत एखादी मुलगी अशी असेल, की जिचं बारावीचं गणित नववीतच उरकलं असतं. गुणपत्रकावर ती बाकीच्या ११२ जणांबरोबर एकाच रेघेवर उभी आहे. पट्टी संपली की पुढं किती उरलं, हे पट्टी सांगत नाही. असामान्य बुद्धीच्या मुलाला घरी शिकवायचं ठरवणाऱ्या आईवडिलांना सगळे आधी हेच विचारतात, की त्याची प्रगती कशी कळणार? प्रश्न रास्त आहे. पण शाळेत ती कळतेच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं आणि माझी शंका त्या गृहीताबद्दल आहे.

आपल्याकडं मूल आणि मार्क यांची गाठ फार लवकर पडते. पहिलीच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलाला किती समजलं आणि ते त्याला वापरता येतं का, याचं सातत्यपूर्ण मूल्यमापन मागितलं, त्यातून त्या आल्या. कल्पना चांगली होती. पण वर्गात पन्नास मुलं आणि हाताशी अशैक्षणिक कामांचा ढीग असला, की तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि ‘गटात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या वाट्याला येतं. पालक श्रेणी तेवढी बघतात. मग शिष्यवृत्ती परीक्षा, जी वर्षानुवर्षं चौथी-सातवीला होती आणि २०१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला घेतली गेली. मग नवोदयची प्रवेशपरीक्षा, आठवीपासून क्लासचा फाउंडेशन कोर्स, आणि दहावी झाली की नांदेडचे क्लासेस किंवा लातूरचा ट्यूशन एरिया. तिथं भाड्याची रूम, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, रविवारची टेस्ट आणि कितीतरी मुलांचा कॉलेजात नावापुरता प्रवेश. म्हणजे शाळेबाहेर शिकवणं हा वेडेपणा मानणारे आपण, मुलाची ऐन उमेदीची दोन वर्षं कॉलेजच्या बाहेरच काढतो आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. कारण तिथं दर आठवड्याला रँक हातात पडते.

या रँकच्या मुळाशी मात्र एक चांगली गोष्ट होती आणि तिचा विसर पडल्याचं मला वाईट वाटतं. लातूर पॅटर्न म्हणून जो गाजला, तो १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आणि दयानंद महाविद्यालयात घडला. जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव अशा प्राचार्यांची नावं त्याच्याशी जोडली जातात. ना मोठं शहर, ना श्रीमंत पालक, तरी या गावातली मुलं मंडळाच्या गुणवत्ता यादीत ओळीनं झळकू लागली. बाहेरच्यांनी याला घोकंपट्टी म्हटलं. ती नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पण त्या पद्धतीचा जीव वारंवारच्या सराव चाचण्यांत आणि तपासून परत मिळणाऱ्या उत्तरपत्रिकेत होता. कुठली पायरी चुकली, आकृती कुठं अपुरी राहिली, हे लाल शाईत दिसायचं आणि तेच उत्तर पुन्हा लिहावं लागायचं. ती चाचणी निदानासाठी होती. पुढं मंडळानं गुणवत्ता याद्या बंद केल्या, प्रवेशपरीक्षांचा जमाना आला आणि उत्तरपत्रिकेची जागा ओएमआर शीटनं घेतली. काळ्या केलेल्या गोळ्यात मुलानं काय निवडलं ते दिसतं. तिथवर तो कसा पोचला, विचार करून की चार पर्यायांतले तीन खोडून, हे त्यात उमटत नाही. २०२४ च्या नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते, सुधारित निकालात ते १७ झाले. पट्टी इथंही संपलेलीच होती. त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. सगळं आयुष्य एका आकड्यावर टांगलं की त्या आकड्याचाही बाजार मांडला जातो.

घरी शिकवणाऱ्यांनी लातूर पॅटर्नमधली उत्तरपत्रिका घ्यावी आणि रँक सोडून द्यावी, असं माझं म्हणणं आहे. चाचणीचा तिटकारा करून भागणार नाही. मूल आनंदात आहे, पुस्तकं वाचतंय, एवढ्यावर प्रगती ठरवणं हा आळस आहे. फक्त चाचणी मुलाच्या इयत्तेची नको, त्याच्या आवाक्याच्या थोडी पलीकडची हवी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ पासून हेच केलं. कॉलेजप्रवेशाच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी असलेली एसएटी ही परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना दिली. आपापल्या वर्गात सगळी वरच्याच टोकाला असलेली ही मुलं त्या पेपरात दूर दूर पांगली. वर्गाच्या परीक्षेनं झाकून ठेवलेला फरक अवघड परीक्षेनं उघड केला.

हे घरात कसं दिसेल? दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विचारा, लघू म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन, तर चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल? ती वहीत लिहून काढते आणि पाच सापडतात. पाच मात्रांना ती सात लिहिते, एक निसटलेला असतो. तो खोडरबरानं भरून घ्यायचा नाही. तारीख घालून तसाच ठेवायचा. काही आठवड्यांनी ती स्वतःच आठवा प्रकार शोधते, मग सहा मात्रांचे तेरा मांडते आणि पाच, आठ, तेरा यांच्याकडं बघत राहते. सातला एकवीस येणार, असं न मांडताच सांगते. हा अंदाज झाला. खरी उडी त्यानंतर येते, जेव्हा ती म्हणते की ओळ एकतर लघूनं संपेल नाहीतर गुरूनं, म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज होते. बाराव्या शतकात हेमचंद्रानं छंदशास्त्रात हीच मोजणी मांडली होती, ते तिला नंतर सांगावं. यादी, मग अंदाज, मग कारण. या तीन तारखा वहीत असतील, तर त्या मुलीच्या प्रगतीचा याहून पक्का पुरावा कुठल्याही गुणपत्रकात मिळणार नाही. शंभरपैकी शंभर मिळवणारं मूल यादीवरच थांबलंय की कारणापर्यंत आलंय, हे त्या शंभरांतून कळतच नाही.

नांदेडला तर हे परक्या उदाहरणांनी पटवण्याची गरज पडू नये. विचारवंत नरहर कुरुंदकर हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडं शिकायला होते आणि इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले. त्या घरात पुस्तकं होती, मराठीच्या प्राध्यापकाची संगत होती. परीक्षेच्या हिशेबात ती वर्षं वाया गेलेली. पदव्या पुढं, नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवता शिकवता आल्या. १९७७ मध्ये ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नापास होणं हे बुद्धीचं लक्षण आहे, असा उफराटा अर्थ यातून कुणी काढू नये. नापास झालेले बहुतेक जण कुरुंदकर होत नाहीत, आणि त्यांना सावरणारा मामाही सगळ्यांना मिळत नाही. मला एवढंच दिसतं, की इंटरच्या पेपराला जे मोजता आलं नाही ते त्यांच्या लेखांतून, व्याख्यानांतून आणि ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या प्रस्तावनेतून जाणकारांना मोजता आलं. ते काम समोर ठेवलेलं होतं, कुणीही तपासावं, खोडून काढावं असं.

पण दाखल्याशिवाय दार उघडत नाही, हा आक्षेप उरतोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईच्या मालविका जोशीला सातवीनंतर आईनं शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला घेतलं. आपल्या आयआयटींचं दार मात्र बारावीच्या दाखल्याअभावी तिला बंद होतं. ज्यांना तिच्याइतकी मोठी पदकं मिळणार नाहीत, आणि बहुतेकांना मिळणार नाहीतच, त्यांनी दाखल्याची सोय आधीच करून ठेवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. ही दारं गळालेल्या मुलांसाठी म्हणून ओळखली जातात, त्यामुळं पालकांना तिथं जायला संकोच वाटतो. वाटू नये. पण तिथली परीक्षा दारापुरतीच धरावी. तिच्या तयारीला मुलाचं अख्खं वर्ष दिलं, तर घरी शिकवून काय साधलं?

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वतःच्या मुलाला तपासणारे आईबाप एकतर भारावलेले असतात नाहीतर धास्तावलेले, आणि दोन्ही अवस्थांत नजर चुकते. म्हणून तपासणारा बाहेरचा हवा, मुलाशी ओळख नसलेला. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मला यासाठी आवडते. तिथं लेखी पेपरानंतर प्रात्यक्षिक असतं, कृतिसंशोधन प्रकल्प असतो आणि समोर बसून मुलाखत घेतली जाते. ‘असं का केलंस?’ या प्रश्नाला क्लासच्या नोट्स उत्तर देत नाहीत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं १९६९ मध्ये प्रज्ञावंत मुलांची प्रशाला काढली तेव्हा बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे मोजण्याची मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची रीत पायाशी घेतली होती. १९९३ च्या भूकंपानंतर हीच संस्था धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीला आली. अशी माणसं मराठवाड्याला परकी नाहीत.

राहिला सगळ्यांत जड आक्षेप. मुखेड, कंधार, जळकोटच्या तांड्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरातही तल्लख मुलं जन्मतात आणि त्यांना घरी शिकवायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळाच हवी आणि ती चांगली हवी. तारखा घातलेली ती वही मात्र तिथल्या शिक्षकालाही ठेवता येईल, निदान वर्गातल्या दोन-तीन मुलांसाठी. मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण याहून बरंच जास्त आहे. अशा मुलखात ‘ती घरीच शिकते’ या वाक्याआड काय दडवलं जाईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून घरच्या शिक्षणाला मुभा मागताना मी नोंदणीही तितक्याच आग्रहानं मागेन. मुलाला शाळेतून काढणाऱ्या पालकांनी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत नाव नोंदवावं. वर्षातून एकदा मुलानं तिथं आपल्या वह्या घेऊन यावं, दोन अनोळखी शिक्षकांसमोर तासभर बसावं, गेल्या वर्षी चुकलेलं एखादं उदाहरण सोडवून दाखवावं आणि त्यावेळी का चुकलं होतं ते सांगावं. ठरल्या दिवशी एखादी मुलगी आली नाही, तर त्याच आठवड्यात तिच्या घरी कुणीतरी गेलं पाहिजे.