20 फुटांचा माझा हट्ट

मुंबई उच्च न्यायालयाने 2014 च्या ऑगस्टमध्ये दहीहंडीची उंची 20 फुटांवर रोखली आणि 18 वर्षांखालच्यांना थरांवर चढायला मनाई केली, तेव्हा आमच्या चाळीत त्या निकालाच्या बाजूने बोलणारा बहुधा मी एकटाच होतो. परंपरा बुडाली म्हणून गळे काढणाऱ्यांशी तावातावाने भांडलो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ही मर्यादा कायम ठेवली, तर 2017 मध्ये उच्च न्यायालयात उंचीचं बंधन सुटलं आणि वयाची अट 14 वर आली. माझं पालुपद तेच: उंची कमी, तर धोका कमी.

आज कुणी विचारलं तर 20 फुटांसाठी मी भांडणार नाही.

हा बदल सरावाने घडवला. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रात्री उशिरापर्यंत पथकांचा सराव चालतो. तो बघायला जाऊ लागलो आणि नजर आपोआप वरून खाली आली. थर डगमगतो तो बहुतेक वेळा खालून. दुसऱ्या थरातल्या कुणाचा गुडघा थरथरतो, कुणाचा घामट खांद्यावरचा पाय सरकतो, आणि वरचं सगळं खाली येतं. भोवती माणसांचा दाट घेरा असेल तर पडणारा हातांवर झेलला जातो. नसेल तर डोकं थेट डांबरावर. महिनाभर घटवलेले सात थर मला आता कमी भीतीदायक वाटतात. भीती वाटते ती सकाळी टेम्पोत गोळा केलेल्या पोरांनी, दिवसभराच्या हंड्या करून, उपाशीपोटी, ओल्या रस्त्यावर संध्याकाळी लावलेल्या पाच थरांची. त्यात डीजेच्या दणदणाटात प्रशिक्षकाची शिट्टीच ऐकू जात नाही. हे फुटपट्टीने कसं मोजायचं?

स्पेनमधल्या कॅटालोनियातही असेच मनोरे रचतात, तेही नऊ-दहा थरांचे. 2006 मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास शिरस्त्राण आलं. पण मला त्याहून मोलाचा वाटला तो त्यांचा गुणांचा हिशेब. मनोरा नुसता रचला तर गुण कमी, रचून नीट उतरवला तर जास्त. आपल्याकडेही जाणती पथकं सलामी देऊन सगळे थर सुखरूप उतरवण्यात अभिमान मानतात. बक्षिसाची पाटी मात्र थरांचा आकडा सांगते.

2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, आणि गोविंदाचा मृत्यू झाला तर 10 लाखांची मदतही. मदत हवीच, पण ती पडल्यानंतरची.

मुलांच्या बाबतीत माझं मत तसूभरही हललेलं नाही. हलक्या वजनाचं पोर वर लागतं, हे कारण मला आजही पटत नाही.

बाकी माझी मागणी आता एवढीच आहे: शेवटचा गडी जमिनीवर उतरेपर्यंत बक्षीस जाहीर करू नका. ओळखीच्या एका प्रशिक्षकाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, आम्ही तयार आहोत. पण सलामी झाली की कॅमेरे दुसरीकडे वळतात, आणि माईकवाला पुढच्या पथकाला हाक मारायला लागतो. आमची पोरं तेव्हा अजून वरच असतात."